गव्हाला सुटलेलं पाणी

तिसऱ्या वळणापाशी सिदेरिसनं परात कठड्यावर ठेवली आणि खाली घरंगळलेला एक दगड उचलून तो भिंतीत कुठे बसतोय ते पाहू लागला. अर्गिरो चार पावलं पुढे गेली होती, ती थांबली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत गावातल्या घराघरातून आलेले नावांचे कागद होते.

"कुंबारे, हा पाचवा दगड," ती म्हणाली. "अशानं आपण पोचेपर्यंत पापा-अनेस्तिस संध्याकाळची प्रार्थना आटपून जेवायला बसेल."

"मग पडलेला दगड तसाच टाकून जायचं?"

"इतकी वर्षं लोक जातातच आहेत की."

"म्हणून तर भिंत पडते."

त्यानं दगड दोनदा फिरवला, एका बाजूनं आत सरकवला आणि तळहातानं ठोकून पाहिला. दगड हलला नाही. मग त्यानं परात पुन्हा उचलली. वर घातलेलं पांढरं फडकं वाऱ्यानं फडफडत होतं. वारा दक्षिणेचा होता, दमट. दोन दिवस सगळ्या बेटावर तोच होता, आणि दोरीवरचे कपडे सकाळचे संध्याकाळपर्यंत ओलेच राहत होते.

दुपार कलल्यावर गावातून निघून त्यांना तास होऊन गेला होता, तेवढीच वाट अजून उरली होती. टोकाच्या सुळक्यावर संत निकोलासचं लहानसं देऊळ आहे. दर्यावर्दी माणसांचा तो वाली. पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी, आत्म्यांच्या शनिवारी, समुद्रात गेलेल्यांची नावं त्याच देवळात वाचायची आणि आदल्या शुक्रवारी नावं नि कोलिवा, म्हणजे मेलेल्यांसाठी उकडलेला गहू, पायी घेऊन जायचं, असा पेत्रानी गावाचा रिवाज. गाडीरस्ता होऊन वीस वर्षं झाली. पापा, म्हणजे गावचा पाद्री, स्वतः गाडीनं येतो. पण मेलेल्यांचा गहू गाडीत घालून नेलेला कुणाला रुचत नाही.

अर्गिरो दरवर्षी नणंदेबरोबर जात असे. यंदा सकाळी सिदेरिस दारात येऊन उभा राहिला होता. "परात मी घेईन," एवढंच म्हणाला. तिनं कारण विचारलं नाही. अकरा वर्षांत हा माणूस सुळक्याच्या वाटेला लागला नव्हता, तो आज लागतोय तर काहीतरी असणार, आणि असेल ते वाटेत निघेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

सिदेरिस कोण, हे आमच्या बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला मात्र तो भिंती रचणारा एक म्हातारा वाटेल. डोंगरउतारावरच्या शेतांच्या भिंती, नुसत्या दगडाच्या, मधे माती नाही की चुना नाही. ते काम आता करतंच कोण? सिदेरिस करतो. कुणी विचारलं, थोडी माती घातली तर लवकर नाही का होणार, तर तो म्हणतो, "मातीचा भरवसा नाही."

त्याआधी एकोणचाळीस वर्षं तो जहाजांवर होता. सोळाव्या वर्षी भांडी घासायला चढला आणि पायरी पायरीनं मुख्य अधिकारी झाला, कप्तानाच्या खालचा. कप्तान तो कधीच झाला नाही. गावातले लोक मात्र त्याला कप्तान म्हणतात. काही मानानं, काही चेष्टेनं. कॉफीच्या दुकानातला स्त्रातिस हमखास हाक मारतो, "या कप्तान, बसा, इथं तरी खुर्ची मिळेल तुम्हाला." सिदेरिस बसतो. समुद्राकडे पाठ करून बसतो.

पूर्वी तसा नव्हता. रजेवर आला की त्या दुकानात त्याच्याभोवती गर्दी असे. तेलवाहू जहाजाचा डेक इतका लांब की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सायकल ठेवलेली असते, हे त्यानं सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याला खोटारडा ठरवलं होतं. मग पुढच्या रजेत त्यानं फोटोच आणला, सायकलवर स्वतः, मागे न संपणारा डेक. एकदा दूरच्या बंदरात त्याच्या जहाजाच्या इंजिनाचा दांडा मोडला, आणि नवा दांडा विमानानं आला. कसलं विमान म्हणता, पुढचं नाक वर उचललं गेलं आणि आभाळाला जांभई यावी तसं तोंड उघडलं. त्या तोंडातून चाळीस माणसांनी तो दांडा रुळांवरून बाहेर ओढला. "आणि एवढं पोटात घालून ते उडतं?" अर्गिरोच्या नवऱ्यानं विचारलं होतं. "उडतं," सिदेरिस म्हणाला होता, "पण धावपट्टी संपत आली तरी चाकं उचलत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तुम्ही देवाचं नाव घेत असता." अर्गिरोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी सिदेरिसनंच हातावर घेतलं होतं. तेव्हापासून, मुलीचा धर्मपिता म्हणून, तो तिचा कुंबारे आणि ती त्याची कुंबारा.

त्याचं शेवटचं जहाज 'कीरा मारो'. मालकाच्या आजीचं नाव. एकशे नव्वद मीटर लांब, पाच कप्पे, एकेका कप्प्यात आमच्या गावचं देऊळ घंटेच्या मनोऱ्यासकट उभं राहील एवढे. त्यावर बावीस माणसं होती. त्यांतली दोन पेत्रानीची, एक सिदेरिस आणि दुसरा मोस्खोचा मुलगा मिकेस, सव्वीस वर्षांचा, तिसरा अधिकारी. अकरा वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका बेटावरून लाल माती भरून जहाज निघालं, निकेलची माती, आणि चौथ्या दिवशी बुडालं. सहा जण वाचले. सिदेरिस वाचला. मिकेस सापडला नाही.

मोस्खो त्याची वाट पाहते. सुळक्यावरच्या देवळाची किल्ली तिच्याकडे असते आणि देवळाखालच्या घरात ती एकटी राहते. दर आत्म्यांच्या शनिवारासाठी ती अर्गिरोला दोन कागद देते. लाल क्रूसाच्या कागदावर जिवंतांची नावं, काळ्या क्रूसाच्या कागदावर गेलेल्यांची. मिकेसचं नाव लाल क्रूसाखाली, सगळ्यांत वर असतं.

चिंचोळ्या उतारावर आल्यावर अर्गिरो म्हणाली, "दमला असशील तर दे इकडे परात."

"नको. जड नाही." मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "मोस्खोचं काय ऐकलंस?"

"डॉक्टर म्हणाला हृदय मोठं झालंय. ती त्याला म्हणाली, ते आधीपासूनच मोठं होतं, तुला आज कळलं." अर्गिरो किंचित हसली. "पण पायांवर सूज आहे. पुढच्या वर्षीचा शनिवार तिला दिसेलसं वाटत नाही."

"तिच्यामागे कोण आहे?"

"कोण असणार? कुणी नाही. सिदेरिस, तुला माहीत आहे हे सगळं."

"माहीत आहे."

पुढे वाट खडकाच्या पायऱ्यांची होते. तिथे चालताना परात हिंदकळतेच, कितीही जपा. खाली उतरल्यावर सिदेरिस थांबला, त्यानं फडक्याचा कोपरा उचलून आत पाहिलं, आणि पाहतच राहिला. त्याचा रंग उडालेला बघून अर्गिरो जवळ आली.

कोलिवा करायला सोपा नाही. गहू उकडायचा, निथळायचा, मग रात्रभर चादरीवर पसरून कोरडा करायचा. त्यात बदाम, मनुका, डाळिंबाचे दाणे. वर भाजलेल्या पिठाचा थर आणि त्याच्यावर पिठीसाखरेची पांढरी चादर, इतकी सपाट की बोट फिरवावंसं वाटावं. गहू जरा ओला राहिला तर वरून काही कळत नाही. घरात परात ठणठणीत दिसते. वाटेत हादरे बसले की पाणी हळूहळू वर चढतं.

साखरेच्या मधोमध, बदामांच्या क्रूसाशेजारी, तळहाताएवढा करडा डाग उठला होता. तो चकाकत होता.

"अगं बाई," अर्गिरो म्हणाली. "या वाऱ्यानं घात केला. रात्रभर पसरला होता मी, उलथापालथ केला, तरी ओल राहिलीच. जाऊ दे, मोस्खोकडे साखर असेल, वरून भुरभुरवू. मेलेले काही रागावायचे नाहीत."

सिदेरिस खाली बसला. परात मांडीवर तशीच.

"कुंबारे? चक्कर येतेय का?"

"असाच दिसला होता," तो म्हणाला. "अगदी असाच."

ती त्याच्यासमोरच्या दगडावर बसली. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही.

"ती माती असते ना, ती हाताला कोरडी लागते," तो सांगू लागला. "मूठ भरली तर भुगा पडतो. पण आत पाणी असतं. इंजिनाचा थरकाप आणि लाटांचे हादरे चार दिवस बसले की सगळी माती एकदम चिखल होते. पन्नास हजार टन चिखल. जहाज एका बाजूला कललं की चिखल तिकडे धावतो, मग जहाज परत सरळ होत नाही. म्हणून भरण्याआधी बघायचं असतं. साधी गोष्ट आहे. दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा घ्यायचा, मातीनं अर्धा भरायचा आणि लोखंडावर आपटायचा. पंचवीस वेळा. वर पाणी चमकलं तर ती माती घ्यायची नाही. एवढंच."

"मग?"

"तिथं रोज पाऊस. माती उघड्यावर. खाणवाल्यांचा कागद म्हणायचा, कोरडी आहे. मी मिकेसला म्हटलं, डबा करून बघ. तो माझ्या खोलीत डबा घेऊन आला, मला दाखवला. वर आरसा झाला होता. म्हणाला, 'चीफ, यात बघून दाढी करता येईल तुम्हाला.'"

सिदेरिस थांबला. खाली खडकांवर लाट फुटल्याचा आवाज आला आणि विरला.

"ऑफिसातून कप्तानाला दिवसातून तीनदा फोन येत होता. कप्तान माझ्याकडे बघायचा. आणि मला त्या ऑफिसानं शब्द दिला होता. पुढच्या जहाजावर कप्तान मी. पंचावन्न वर्षांचा होतो, अर्गिरो. तेवढं एक राहिलं होतं. मी मिकेसला म्हटलं, दुसऱ्या ढिगातली घे, पलीकडची, आणि इतक्या जोरानं आपटू नकोस, तू काय दार फोडतोयस का? तो म्हणाला, पंचवीस पुरे करू का? मी म्हटलं, पंधरा पुष्कळ झाले. पंधरा झाले. वर कोरडं होतं. मी वहीत लिहिलं, कोरडी. खाली सही केली."

"त्याला कळलं असेल."

"कळलं होतं. त्यानं डबा खिडकीच्या लोखंडी कडेवर धरला आणि उरलेले दहा ठोके एकट्यानं दिले. माझ्याकडे न बघता. मग माती समुद्रात टाकली, डबा धुतला आणि गेला. पुन्हा तो विषय कधी काढला नाही."

अर्गिरोनं पदरासारखा ओढलेला रुमाल डोक्यावर सारखा केला. तिला वाटलं, आता हा मोकळा झाला. अकरा वर्षं हे पोटात ठेवून माणूस भिंती रचत होता. ती म्हणाली, "हे सांगायलाच निघालास ना तिला? सांग. ती ऐकून घेईल. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे."

"हे सांगणं सोपं आहे."

"म्हणजे?"

"मी त्याला पाहिलं होतं," सिदेरिस म्हणाला.

तिला आधी समजलंच नाही.

"पाण्यात. जहाज गेल्यावर. तो माझ्याजवळ होता. उडी मारताना त्याच्या बरगड्या कशावर तरी आपटल्या होत्या. बोलत होता. मी माझा पट्टा त्याच्या जॅकेटला बांधला, म्हणजे लाटेनं वेगळे व्हायला नको. दुपारपर्यंत बोलला. आईनं उन्हाळ्यात अंजिरं वाळवली असतील, असलं काही. मग बोलायचा थांबला. मी हाका मारल्या. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, थंड. संध्याकाळपर्यंत मी त्याला तसाच धरला. मग त्याच्या जॅकेटात पाणी भरलं आणि तो मला खाली ओढायला लागला. मी गाठ सोडली."

अर्गिरोनं क्रूसाची खूण केली. 

"आम्हाला घेऊन बोट बंदरात आली, आठवतं? सगळा गाव धक्क्यावर. मोस्खो सगळ्यांत पुढे. तिनं माझे दोन्ही हात धरले. तिनं विचारलं, तू त्याला पाहिलंस का रे? मी म्हणालो, नाही मावशी, मी त्याला नाही पाहिलं." त्यानं परातीवरचं फडकं सारखं केलं. "पाहिलं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग सोडलास कसा? मला वाटलं, आज नको, उद्या सांगू. चार दिवसांनी सांगू. तेवढ्यात तिनं त्याचं नाव जिवंतांत लिहिलं."

"देवा."

"अकरा वर्षं त्याच्यासाठी कुणी गहू उकडला नाही. एक मेणबत्ती नाही. त्याचं नाव पापानं लांबच्या प्रवासाला गेलेल्यांत वाचलं, आजाऱ्यांत वाचलं. तो तिकडे आहे आणि त्याला कुणी तिकडचा म्हणत नाही. उद्या मोस्खो गेली, की त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसेल."

मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेवर ज्याचा विश्वास आहे त्याला हे समजेल. अर्गिरोचा होता. मेलेल्याला जिवंतांत मोजणं ही तिला माया वाटली नाही. घराच्या दाराबाहेर एखाद्याला उभं करून ठेवावं, तसं तिला ते वाटलं. आणि हे तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. पापा-अनेस्तिसची दृष्टी अधू, तो फक्त अर्गिरोचं अक्षर वाचू शकतो. ती पूर्वी गावच्या कचेरीत कारकून होती. दरवर्षी या शुक्रवारी सगळ्या घरांचे कागद समोर घेऊन देवळाच्या ओसरीत बसून तीच दोन लांब कागदांवर नावं उतरवते. अकरा वेळा तिनंच लाल क्रूसाखाली मिकेसचं पुरं नाव लिहिलं होतं, मिखाइल.

"ऊठ," ती म्हणाली. "अंधार व्हायच्या आत पोचू."

उरलेल्या वाटेत दोन ठिकाणी दगड पडले होते. सिदेरिसनं ते पाहिले आणि तो पुढे चालला.

मोस्खो दारातच खुर्ची टाकून बसली होती. पाय सुजून फुगलेले, त्यावर मुलाचे जुने लोकरी मोजे. सिदेरिसला पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"हा कोण कप्तान? वाट चुकलास की काय?"

"नाही मावशी. मुद्दाम आलो."

"अकरा वर्षांनी मुद्दाम? तुझ्या जहाजांना तरी एवढा उशीर व्हायचा का रे? बस. अर्गिरो, आत ताटलीत चेरीचा मुरंबा आहे, दे त्याला. आणि पाणी दे. त्याचं तोंड बघ, चुन्यासारखं झालंय."

अर्गिरोनं मुरंबा आणला, दोन चमचे, दोन पेले पाणी. साखर मागून घेतली आणि करड्या डागावर भुरभुरवली. मोस्खोनं मान उंच करून पाहिलं.

"ओला राहिला तुझा गहू."

"वाऱ्यानं, मावशी."

"वाऱ्यावर ढकलू नकोस. माझी सासू असती तर परात तुझ्या डोक्यावर पालथी घातली असती." मग तिनं मांडीखालून दोन कागद काढले. "हे घे. आणि काळ्या कागदावर माझ्या सासऱ्याच्या नावापुढे 'म्हातारा' लिही. मिखाइल, म्हातारा. विसरू नकोस."

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात, म्हणून मिकेसही मिखाइल आणि त्याचा आजोबाही मिखाइल. देवापुढे आडनावं वाचायची नसतात.

"मावशी, पापा दरवर्षी चिडतो," अर्गिरो म्हणाली. "देवाला कळतं म्हणतो, कुठला मिखाइल ते."

"देवाला कळतं. पण मी बसलेली असते ना तिथे. मेलेल्यांत मिखाइल म्हटलं की माझं काळीज थांबतं. म्हातारा ऐकलं की परत चालू होतं. एवढं एका म्हातारीसाठी त्याला वाचायला काय होतं?"

सिदेरिसच्या हातात चमचा तसाच होता. अर्गिरोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवला.

"मावशी, मला तुला काही सांगायचंय."

"सांग."

त्यानं डब्याची गोष्ट सांगितली. वाटेत सांगितली होती तशीच, पण भराभर, डोळे तिच्या पायातल्या मोज्यांवर ठेवून. पंचवीस, पंधरा, वहीतली सही, कप्तान होण्याचा शब्द, काहीच वगळलं नाही. दाढी करता येईल म्हणाला, हे ऐकून मोस्खोच्या तोंडावर हसू आलं.

"असंच बोलायचा," ती म्हणाली. "मास्तरालाही असंच बोलायचा."

त्याचं सांगून झालं. मग तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे घेऊन फिरत होतास तू? एवढी वर्षं? मला वाटायचं, तू माझं तोंड चुकवतोस ते तू वाचलास आणि त्याचा पत्ता नाही म्हणून. अरे, तू हाताखालचा माणूस. वरचे सांगतात तसं करावं लागतं. तो आला की त्याला सांग, माफी माग, तो तुला शिवी देईल आणि दोघं मिळून प्या."

"मावशी..."

"ऐक. सगळे मला सांगत होते, नाव काळ्या कागदावर घाल. पापा सांगायचा, माझी बहीण सांगायची, जाईपर्यंत सांगत होती. मी म्हणायचे, सिदेरिस तिथं होता. तुमच्यातलं कुणी नव्हतं, पण सिदेरिस होता पाण्यात, आणि त्यानं त्याला पाहिलं नाही. ज्यानं बघायचं त्यानं पाहिलं नाही, तर तुम्ही कोण सांगणारे? तुझ्या त्या एका शब्दावर मी उभी आहे बाबा. तेव्हा डब्याचं मला काही सांगू नकोस. तुला माफ केलं, जा."

ती उठायला लागली, तर अर्गिरोनं तिला धरलं. किल्ली तिच्या कमरेला दोरीनं बांधलेली होती. ती सोडून तिनं अर्गिरोच्या हातात दिली. "तुम्ही व्हा पुढे, दिवा लाव आणि लिहायला बस. माझे पाय मला नेतील तेव्हा मी येते. मुरंबा संपवला नाहीस, कप्तान."

"येताना खाईन," सिदेरिस म्हणाला.

घरापासून देऊळ साठ-सत्तर पावलं. सिदेरिस परात घेऊन मागे येत होता. अर्गिरोनं दार उघडलं. आतून तेलाचा आणि जुन्या मेणाचा वास आला. छताला टांगलेली लाकडी जहाजं, नवस फेडलेल्यांनी दिलेली, दाराच्या वाऱ्यानं जराशी फिरली. तिनं संत निकोलासच्या चित्राला ओठ लावले, दिवा लावला आणि ओसरीतल्या मेजावर दोन लांब कागद पसरले. एकावर लाल क्रूस काढला. दुसऱ्यावर काळा.

सिदेरिसनं परात चौरंगावर ठेवली. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला. तिथून मोस्खोचं दार दिसत होतं. ती खुर्चीतच होती आणि एक मोजा वर ओढत होती.

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला. "राहू देऊ तसंच? तिचे किती दिवस उरलेत?"

अर्गिरोनं लेखणी खाली ठेवली. तिला सोपं उत्तर द्यायचा मोह झाला. थकलेल्या बाईला तिच्या आशेवर जाऊ द्यावं, नंतर काळ्या कागदावर नाव घालणं तिच्याच हातात होतं, कुणाला कळलंही नसतं. पण ती खोटं बोलायला शिकली नव्हती, आणि या ओसरीत तर नाहीच.

"ती जाईल तेव्हा त्याला कुठे शोधेल?" ती म्हणाली. "इथे मागे वळून बघत जाईल. तो पुढे असताना."

सिदेरिसनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"तिथं बसलो होतो तेव्हा तीनदा तोंड उघडलं मी," तो म्हणाला. "डब्याचं आलं बाहेर. ते शब्द नाही आले. मी त्याला नाही पाहिलं, हे वाक्य एवढ्या वेळा बोललोय मी, की तोंड उघडलं की तेच येतं. दुसरं काही येईना."

"थांब थोडा. पाणी पी."

"थांबलो की मी घरी जाईन, अर्गिरो. मला मी माहीत आहे. वाटेत पडलेले दोन दगड राहिलेत, त्यांचं निमित्त करून जाईन." त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "हे लिहिणं जरा राहू दे. पापा यायला अजून अवकाश आहे. माझ्याबरोबर चल खाली. तिच्यासमोर बसू दोघं. पहिलं वाक्य तू बोल. 'मावशी, सिदेरिसनं त्याला पाहिलं होतं', एवढंच बोल. मग तू उठून गेलीस तरी चालेल. पुढचं सगळं मी सांगतो, गाठीचं पण सांगतो. पण पहिलं तेवढं तू बोल."